उद्यमनगरातल्या मामांना, बॉनेटवरच्या तीन डागांसह

मामा, नमस्कार.

तुम्ही म्हणाला होता की माझं नाव कुठं टाकू नकोस पोरी, नाहीतर उद्यापासनं दारात रांग लागंल आणि मला नाही नाही म्हणत बसावं लागंल, म्हणून नाव टाकत नाही. पण आभार मानू नकोस असं काही म्हणाला नव्हता. तेव्हा हे लिहितेय, तुमचा धाकटा वाचून दाखवंलच.

बाकीच्यांसाठी आधी झालेलं सांगते, मामा एवढा भाग तुम्ही सोडून द्या, माझा गाढवपणा तुम्हाला पाठ आहे.

गाडी माझी नाही, दादाची. दादा मर्चंट नेव्हीत, वर्षातले सहा महिने जहाजावर, आणि जमिनीवर आला की त्याला एकच वेड. २०१२ ची ऑडी टीटी, काळी कुळकुळीत, सेकंडहँड घेतलेली. आई अजून म्हणते एवढ्या पैशात उचगावला दोन गुंठे आले असते. पुढं दोन माणसं बसतात, मागच्या सीटवर भाजीची पिशवी कशीबशी मावते, आणि आपल्या गावातल्या स्पीडब्रेकरवरनं तिरकी तिरकी काढायला लागते तेव्हा मागचे रिक्षावाले असे हॉर्न मारतात की विचारू नका. टीटी म्हणजे टुरिस्ट ट्रॉफी, आयल ऑफ मॅन बेटावरच्या शर्यतीवरनं नाव ठेवलंय, हे दादानं घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगून झालंय, दूधवाल्याला पण.

जाताना किल्ली माझ्याकडं दिली आणि सूचना दिल्या. आठवड्यातनं एकदा चालव, बॅटरी उतरू देऊ नको, टायरची हवा बघत जा. पाखरांबद्दल काही बोलला नव्हता.

पाडव्याला गाडी धुतली, हार घातला, पूजा केली, आणि घरात पाहुणे आले म्हणून त्यांच्या गाड्या आत घेतल्या आणि टीटी बाहेर काढली, ती उंबराखाली. आमच्याकडं नागाळा पार्कात झाडं भरपूर, आणि उंबर फळाला आलं की रात्रभर वाघळं, दिवसभर कावळे. चार दिवस गाडी तिथंच. माझं बँकेत मार्च एंड चाललेलं, रात्री नऊला घरी येत होते, एका रात्री येऊन बॉनेटवर चारदोन ठिपके दिसले तर म्हटलं रविवारी धुऊ, आणि गाडी मळू नये म्हणून वरनं कव्हर घातलं. हो, घाणीवरनंच कव्हर घातलं. आणि रविवार काय आला नाही. जोतिबाची यात्रा झाली, त्यानंतर आठवड्यानं कव्हर काढलं तेव्हा बॉनेटवर अकरा आणि डिकीवर सहा. सतरा.

वाळलेली घाण धुतली की जाईल असं वाटलं होतं. घाण गेली, खाली वलयं राहिली. पाण्यात खडा टाकल्यावर वर्तुळं उठतात ना, तशी, पण गोठलेली. नख फिरवलं तर हलकंसं अडकतंय. मग मी घाबरले आणि घाबरलेला माणूस जे करतो ते सगळं केलं. आधी भांड्याची घासणी. मग व्हिडिओ बघून टूथपेस्ट. वलयं होती तिथंच आणि त्यांच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे, उन्हात बघितलं तर डोळ्यात पाणी यावं असे. काळ्या गाडीला काही लपवता येत नाही.

मग एका ठिकाणी नेली, कुठं ते लिहीत नाही. त्यांनी आधी माझ्या मागं कोण आलंय का ते बघितलं आणि म्हणाले, घरातलं कुणी मोठं असंल तर पाठवून द्या ताई. मी म्हटलं मीच मोठी, सांगा. तर म्हणे एक तर अख्खं बॉनेट नवीन मारायला लागंल, नाहीतर वॉटर पेपर मारून अर्ध्या तासात सपाट करून देतो, चहा घेऊन या तोवर. कागद हातात घेतला पण होता. मी तशीच गाडी रिव्हर्स घेतली. का घेतली ते तेव्हा मला पण सांगता आलं नसतं, अर्ध्या तासाची भीती वाटली एवढंच.

बँकेतल्या आमच्या शिपाईकाकांनी तुमचं नाव सांगितलं. म्हणाले हुपरीचं चांदीवालं घर आहे, बापजाद्यांनी पॉलिशच केलं, हा गाड्यात घुसला. आणि तुमच्याकडं आले तर बोर्ड नाही, पुढं लेथचा खडखडाट, मागं तुमची ती बोळासारखी शेड आणि छताला आणि दोन्ही भिंतींना आडव्या-तिडव्या ट्यूबलाइट. मला वाटलं चुकीच्या पत्त्यावर आले.

मामा, आता तुम्ही ऐका, हे तुमच्यासाठी.

तुम्ही पहिली दहा मिनिटं गाडीला हात लावला नाहीत. बॅटरीचा उजेड तिरका धरून नुसतं बघत होता आणि मला विचारत होता, मलाच, मागं कोण आलंय का ते न बघता. किती दिवस राहिलं, ऊन किती होतं, वरनं काय काय लावलंस. टूथपेस्ट म्हटल्यावर हसला, पण ओरडला नाहीत. म्हणाला, पोरी, पाखरानं निम्मं केलं आणि निम्मं तू.

मग खिशातनं लोहचुंबक काढून दाराला लावलं, चिकटलं. बॉनेटला लावलं, खाली पडलं. मी म्हटलं हे काय, तर तुम्ही सांगितलं की ह्या मॉडेलची बॉडी पुढनं ॲल्युमिनियमची आणि दारं, डिकी, मागचा तळ लोखंडाचा, वजन दोन्हीकडं बरोबर वाटून जावं म्हणून. नंतर मी दादाच्या कागदात बघितलं, खरंच ६९ टक्के ॲल्युमिनियम आहे. दादानं हे कधी सांगितलं नव्हतं, म्हणजे दूधवाल्याला माहीत नाही असं एक तरी माझ्याकडं आलं. आणि चुंबकाचा खेळ कशासाठी, तर रंगाची जाडी मोजायचं साधं मशीन लोखंडावरच चालतं, ॲल्युमिनियमला दुसरं लागतं, तुमच्याकडं दोन्हीवर चालणारं होतं.

बॉनेटभर मोजत गेला. ११४, ११८, ११६ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० चा, म्हणजे दोन केसही नाहीत आणि त्यात प्रायमर, रंग आणि वरचं क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, सगळं आलं, त्यातलं क्लिअर असंल चाळीसेक. आणि मग डाव्या कोपऱ्यात आकडा आला २४०. तुम्ही परत मोजलं. परत २४०. माझ्याकडं बघून म्हणाला, हा कोपरा आधी कुणीतरी मारलेला आहे. दादा, तू हे वाचत असशील तर आत्ताच कळलं असंल, चिडू नको, तुझ्याआधीच्या मालकानं कुठंतरी घासलीय.

मला जे आयुष्यभर लक्षात राहील ते तुम्ही चहाचा कप बॉनेटपासनं लांब, जमिनीवर ठेवून सांगितलं. म्हणाला, आमच्याकडं चांदी चमकवायची म्हणजे चांदी कमी करायची, त्याला घट म्हणतात, आणि ती घट धुळीत, चिंध्यांत, पाण्यात जाते, पण हुपरीची माणसं तो कचरा पण टाकत नाहीत, गाळून जाळून त्यातनं चांदी परत काढतात. ह्या क्लिअरची घट पॅडवर पांढरी होऊन बसते आणि ती गेली ती गेली. डाग जातो म्हणजे काय होतं, डाग कुठं जात नाही, त्याच्या बाजूचं सगळं खाली उतरवायचं त्याच्या तळापर्यंत. मी तेव्हा खरंच गप्प झाले, कारण तोवर मला वाटत होतं पॉलिश म्हणजे काहीतरी वरनं लावायचं असतं.

आणि पाखरांचं पण. मी समजत होते नुसत्या आंबटपणानं खातं. तुम्ही म्हणाला तो आंबटपणा आहेच, पण ऊन त्याहून वाईट, काळं बॉनेट तापून क्लिअर मऊ होतं, फुगतं, वर ती घाण वाळून आकसते, आणि संध्याकाळी गार होताना क्लिअर तिच्याच आकारात घट्ट बसतं, साच्यात ओतल्यासारखं. शेजारी फाउंड्रीवाल्यांकडं बोट दाखवलंत. आणि म्हणून पहिलं हत्यार पण गरमीच काढलंत. धुऊन, मातीच्या वडीनं चिकटलेलं सगळं काढून, कडांना आणि रेषांना टेप मारून, हॉट एअर गन लांबनं फिरवत, हाताच्या पाठीला सोसंल एवढंच तापवत बसलात. सतरातले चार वरवरचे डाग माझ्या डोळ्यासमोर जवळजवळ मिटले, काही न घासता. मी ओरडलेच. लेथवाला बघायला आला.

मग मशीन. गोल फिरणारं नाही, ते डगमगत फिरणारं, कारण ते एका जागी तापवत नाही म्हणाला. वीतभर चौकोन टेपनं आखून आधी सगळ्यात सौम्य पॉलिश, मऊ पॅड. काही झालं नाही, जर्मन क्लिअर लई कडक असतं म्हणाला. मग मधलं. मग कुठं कंपाउंड, म्हणजे सगळ्यात खरखरीत पॉलिश. त्या आधी मारलेल्या कोपऱ्यात मात्र उलटं, तिथलं क्लिअर मऊ, पॅड लगेच पांढरं होऊन गच्च भरायला लागलं, सारखं ब्रशनं साफ करत होता. एकाच बॉनेटवर दोन तऱ्हा! आणि प्रत्येक दोन फेऱ्यांनी परत मीटर, आणि आकडा तुम्ही खडूनं फरशीवर लिहीत होता. ११६, ११५, ११४.

माझे घासणीचे ओरखडे गेल्यावर मला वाटलं झालं, एकदम आरसा. तर तुम्ही फडक्यावर स्पिरिट घेऊन पुसलं आणि निम्मे ओरखडे परत हजर. पॉलिशच्या तेलानं बुजलेले असतात म्हणाला, बरीच दुकानं इथंच गाडी ताब्यात देतात आणि दुसऱ्या धुण्यात सगळं वर येतं. तुम्ही मला हे दाखवलं नसतं तर मला कळलं पण नसतं, आनंदानं घरी गेले असते.

मग डिकीवर मशीन माझ्या हातात दिलंत. मी म्हटलं नको, आधीच पाप केलंय. तर म्हणाला, पाप केलंय म्हणूनच धर, दाब देऊ नको, मशीनला त्याचं त्याचं चालू दे. हात थरथरत होते, पहिल्यांदा पॉलिश सगळं भिंतीवर आणि तुमच्या शर्टावर उडालं, चालू करून मग टेकवायचं नसतं, टेकवून मग चालू करायचं असतं, हे मी आता कुणालाही शिकवू शकते.

संध्याकाळी खोल असे सहा राहिले. तीन हजार नंबरचा कागद, साबणाचं पाणी, बोटाच्या पेराएवढ्या ठोकळ्यावर, आणि एकेका डागाला बारा-पंधरा हात, मग परत पॉलिश. तीन गेले. उरले तीन, सगळ्यात खोल, ट्यूबच्या उजेडात तिरकं बघितलं तरच सावलीसारखे दिसणारे. आणि तुम्ही कागद खाली ठेवला.

मी भांडले तुमच्याशी, आठवतंय ना? म्हटलं आता एवढं केलंय तर हे पण काढा, अजून पाच मिनिटांचं काम आहे, दादाला कळंल. तुम्ही विचारलं, दादा गाडी किती वर्षं ठेवणार? मी म्हटलं दहा तरी. म्हणाला, मग दहा वर्षं ऊन सोसायला काहीतरी शिल्लक ठेव की, ऊन अडवायचं औषध ह्या क्लिअरमध्येच असतंय, हे फार पातळ झालं की चार-पाच वर्षांनी सापाच्या कातीसारखं सोलून निघंल, मग मारा अख्खं बॉनेट. तीन डाग बघायला वाकावं लागतंय, सोललेलं बॉनेट चौकातनं दिसतंय.

मी गप्प बसले पण पटलं नव्हतं, खरं सांगते. रात्री घरी आणल्यावर मोबाइलचा टॉर्च लावून अर्धा तास ते तीनच बघत बसले होते, बाकीचे चौदा कुठं होते ते शोधायचं डोक्यातच आलं नाही. आई म्हणाली, आता जेव.

आणि पैशाचं काय केलंत ते पण सगळ्यांना सांगणार. साडेसहा ठरले होते, तुम्ही साडेपाच घेतले, तीन राहिलेत म्हणून. सकाळी नऊपासनं रात्री आठपर्यंत उभे होता आणि तीन न काढलेल्या डागांचे हजार कापता? ते न काढण्याचेच खरं तर जास्त घ्यायला पाहिजे होते. मी सिरॅमिक कोटिंगचं विचारलं तर ते पण विकलं नाहीत. हौस असंल तर मार, धुवायला सोपं जातं, पण पाखराला ते कोटिंग वाचता येत नाही, राहू दिलंस तर त्यावरनं पण खाणार, असं म्हणून मला स्प्रेची एक बाटली आणि दोन फडकी दिलीत. ओलं फडकं ठेवायचं, पाच मिनिटं भिजू द्यायचं, उचलायचं, घासायचं नाही.

दादा गेल्या आठवड्यात आला. बॅग दारात टाकून आधी गाडीकडं. दोन फेऱ्या मारल्या, बॉनेटवरनं हात फिरवला, म्हणाला भारी ठेवलीस की गं, जाताना होती त्यापेक्षा चकाचक दिसतेय. मी तोंड मिटून. तिसऱ्या फेरीला वाकला, उन्हाकडं तोंड करून डोळे बारीक केले, आणि विचारलं, हे तीन काय आहेत?

म्हणून आज एवढं सगळं लिहायला बसले, त्याला तोंडानं सांगायची हिंमत नाही.

तुमचं एक निळं फडकं माझ्याकडं राहिलंय, बाटली पण संपत आली, कालच कावळ्यानं परत हजेरी लावली, पण ह्यावेळी पाच मिनिटांत उचललं. शनिवारी बँक सुटली की येते. आईनं तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवलीय, डबा परत द्यायची घाई नाही. दादा पण येणार म्हणतोय, त्याला तो २४० चा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचाय.

तुमची,
टूथपेस्टवाली