१०८४ पोलादाच्या नावाखाली साधे लोखंड पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. विक्री व्यवस्थापक,
पोलाद पट्टी विभाग

विषय: १०८४ पोलादाच्या पट्ट्यांत पुरेसा कार्बन नसल्याबाबत

महोदय,

सिंधुदुर्गच्या किनारपट्टीवर हाताने सुऱ्या, कोयते आणि विळ्यांची पाती बनवणारे आम्ही कारागीर मिळून माल मागवतो. आपल्याकडून १०८४ च्या, म्हणजे धारेच्या पात्यांसाठी लागणाऱ्या जास्त कार्बनच्या पोलादाच्या, ४ मिमी जाड, ४० मिमी रुंद पट्ट्या घेतल्या. बिल, चलन आणि आपले टेस्ट सर्टिफिकेट सोबत जोडले आहे. सर्टिफिकेटवर कार्बन ०.८४ टक्के लिहिला आहे. पट्ट्यांत तो तेवढा नाही.

१०८४ मध्ये कार्बन ०.८० ते ०.९३ टक्के आणि मँगनीज ०.६० ते ०.९० टक्के असावे लागते. असे पोलाद ८१५ अंश सेल्सियसवर नीट तापवून तेलात विझवले, म्हणजे एकदम थंड केले, की इतके कडक होते की त्यावरून कानस घसरते. आपल्या पट्टीच्या पात्यात कानस पहिल्याच हाताला रुतते आणि कीस निघतो.

आपल्या माणसाने फोनवर सांगितले, "तुमचं पाणी चुकतंय," म्हणजे तापवून विझवण्यात आमचीच चूक आहे. म्हणून त्याचाच आधी खुलासा करतो. आपल्या पट्टीचा आणि जुन्या खात्रीच्या १०८४ चा असे दोन तुकडे एकाच मफल भट्टीत ८१५ अंशांवर १० मिनिटे ठेवले आणि ५५ अंशांच्या त्याच तेलात विझवले. कडकपणाच्या रॉकवेल मापाने जुना तुकडा ६४ आला, आपला ३१. भट्टी किंवा तेल बिघडलेले असते तर दोन्ही तुकडे मऊ निघाले असते. वरचा कार्बन जळाला असेल म्हणावे, तर दोन्ही बाजूंनी १ मिमी घासून आत मोजले, आकडा तोच. तेल मंद म्हणावे, तर दुसरा तुकडा मिठाच्या पाण्यात विझवला. ०.८४ कार्बनचे पोलाद त्यात कडक तरी होते नाहीतर तडकते. हा तुकडा ४४ वर थांबला, तडा एकही नाही. जास्त तापवल्याने पोलादाचा आतला दाणा मोठा होतो आणि पाते ठिसूळ होते, मऊ नव्हे. तोही मुद्दा इथे लागू होत नाही.

शेवटी दोन्ही तुकडे टेंपरिंग (ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा थोडे तापवणे) न करता व्हाइसमध्ये घट्ट धरून पाहिले. जुना हातोडीच्या हलक्या ठोक्याने काचेसारखा तुटला, आत बारीक राखाडी दाणा. आपला काटकोनात वाकला आणि तसाच राहिला. प्रयोगशाळेच्या स्पेक्ट्रो (धातूतले घटक मोजणाऱ्या चाचणीच्या) अहवालात कार्बन ०.२२ टक्के, मँगनीज ०.७१ टक्के आले आहे. हे बांधकामाचे साधे लोखंड झाले. ग्रिल करायला ते चांगले आहे, धार धरायला त्याचा उपयोग नाही.

हा दोष पाणी देईपर्यंत सहसा कळत नाही, कारण मऊ केलेले १०८४ आणि साधे लोखंड दोन्हींना ड्रिल जवळजवळ सारखेच बसते. तोवर पात्याचा आकार कापून होतो, मुठीच्या रिबिटांची भोके पडतात, बेल्ट ग्राइंडरवर उतार घासून धारेशी पाऊण मिलिमीटर जाडी उरलेली असते. म्हणजे खर्चाचा मोठा भाग पाण्याच्या आधीच झालेला असतो. त्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हाच कोळणींच्या आणि होडीवाल्यांच्या सुऱ्या-विळ्यांची कामे उरकायची असतात. आपला माल नेमका त्या कामासाठी होता.

मऊ पात्याने काय होते तेही ध्यानात घ्यावे. सुरमईच्या मधल्या काट्यावर पाते दाबले की धार तुटत नाही, एका बाजूला दुमडते. उजेडात धरली तर तेवढ्याच जागी बारीक चमकती रेघ दिसते. दुमडलेली धार चिरत नाही, माशावरून घसरते, आणि ओल्या हातात घसरलेली सुरी बोटावर येते. म्हणून आम्ही यातले एकही पाते विकलेले नाही.

पॅकिंगही बरोबर नव्हते. पावसाळ्यात समुद्राकाठी पाठवायच्या पट्ट्यांना तेल लावून जाड प्लास्टिक गुंडाळावे लागते. आमच्या पट्ट्या नुसत्या सुतळीने बांधून आल्या, कडांना गंजाचे खड्डे पडले आहेत.

आमची मागणी अशी. मालाची पूर्ण रक्कम, वाहतूक, बेल्ट आणि कापणीचा खर्च परत करावा. हिशोब जोडला आहे. सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (पोलाद ज्या वितळणीतून निघाले तिचा क्रमांक) पट्टीवर कुठेच ठोकलेला नाही, तेव्हा ते कोणत्या मालाचे आहे हे लेखी कळवावे. या लॉटची पट्टी ज्यांना गेली त्या सर्वांना आपण स्वतः कळवावे, कारण प्रत्येकाकडे रॉकवेल यंत्र नसते. बदली माल सध्या नको. पुढे घ्यायचा झाला तर प्रत्येक पट्टीवर हीट नंबर आणि त्याच नंबरचा स्पेक्ट्रो अहवाल लागेल.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेला माल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूचा धरत नाहीत, आणि मालातला दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. न कापलेल्या पट्ट्या त्यासाठी तशाच ठेवल्या आहेत. आपला माणूस पाठवलात तर त्याच्यासमोर तुकडा कापून विझवून दाखवू.

आपले,
सुरी-कोयते कारागीर,
मालवण, जि. सिंधुदुर्ग