गाडी घेतली, काळजी नसावी

हॅनोव्हर, जर्मनी,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही चौघंही खुशाल आहोत. फोन रोज होतोच, म्हणून मुलांचं आणि ऑफिसचं इथे लिहीत नाही. दसऱ्याला व्हिडिओवर गाडी दाखवली तेव्हा बाबा, तुम्ही "छान आहे" एवढंच म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. तुम्हाला बरंच काही विचारायचं होतं, हे नंतर दादाकडून कळलं. फोनवर मुलं मध्येमध्ये येतात आणि माझंही बोलणं अर्धवट राहतं. म्हणून सगळं लिहून पाठवतोय. दादा छापून देईल, सावकाश वाचा.

गाडी कोरी नाही, हे आधी सांगतो. फोक्सवॅगनची आयडी ७ टूरर, एक वर्ष वापरलेली, १९,००० किलोमीटर चाललेली. नवी घ्यायची तर ५४,००० युरोंच्या पुढे जाते. आम्हाला ४१,००० ला मिळाली. १८,००० साठवलेले होते, उरलेल्याचा हप्ता पाच वर्षं, महिना साधारण ४३५. हिशेब चारदा केलाय. सूनबाईंनी पाचव्यांदा तपासलाय.

इलेक्ट्रिकच का, आणि उंच गाडी सोडून ही लांबडी, मागे मोठ्या डिकीची एस्टेट का, हे तुम्ही दादाला विचारलंत. तुम्हाला काकांची टाटा इस्टेट आठवत असेल. तिच्या डिकीत गाद्या घालून आम्ही भावंडं नरसोबाच्या वाडीपर्यंत झोपून जायचो. आपल्याकडे त्या गाड्या मागे पडल्या, पण इथे मुलाबाळांच्या घरात अजून तीच गाडी दिसते. तिला कोम्बी म्हणतात. हिची डिकी ६०५ लिटरची आहे. बाबागाडी, थोरलीची सायकल, हिवाळ्यात घसरगाडी, सगळं मावून वर पिशव्या राहतात. मागची कड बुटकी असल्याने सामान छातीपर्यंत उचलावं लागत नाही.

उंच गाडी आईच्या गुडघ्यांना बरी, हे तुमचं म्हणणं मला पटतं. म्हणून घेण्याआधी शेजारच्या आज्जींना विनंती केली. त्यांचा एक गुडघा बदललेला आहे. त्या तीनदा बसल्या, तीनदा उतरल्या आणि जमतं म्हणाल्या. आई, तुला दाराची कड धरून बसायला सोपं जाईल, मी स्वतः बघितलंय.

उंचीचा आणखी एक मुद्दा आहे. हायवेला १२०-१३० वर गाडी मुख्यतः वाऱ्याशी झगडते. वेग वाढला की हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. उंच गाडी जास्त वारा अंगावर घेते आणि बॅटरी लवकर उतरते. बुटकी, निमुळती गाडी त्याच विजेवर लांब जाते. कागदावर ही ६०० किलोमीटर चालते, म्हणजे कराडहून मुंबई गाठून परत. पण कागदावरच्या आकड्यावर मी भरवसा ठेवला नाही. थंडीत आत हीटर, बाहेर शून्याखाली, रस्ता मोकळा, तेव्हा मी ३५० धरतो. प्यूजो आणि ओपेलच्या एस्टेट स्वस्त होत्या, पण त्यांचे कागदावरचेच आकडे ४०० च्या आसपास. थंडीत मुलांना घेऊन दर दोन तासांनी चार्जर शोधणं मला नको होतं. ऑडीची ए६ सातशेच्या पुढे जाते, पण डिकी ५०२ लिटर आणि किंमत आपल्या हाताबाहेर. हीट पंप बसवलेलीच हवी म्हणून दोन महिने थांबलो. तो बाहेरच्या थंड हवेतूनसुद्धा उष्णता ओढून आत देतो आणि बॅटरी वाचवतो. इथे तो वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो, त्यामुळे वापरलेल्या गाड्यांत सगळ्यांत असतोच असं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, इथे सुट्टी असते. हार्त्सच्या डोंगरातल्या गोस्लारला जाऊन आलो. निघताना बॅटरी ९० टक्के, परत आल्यावर ४८. जाऊन-येऊन १८० किलोमीटर. घरी रात्री चार्जिंगला लावून ठेवतो, घरमालकांनी भिंतीवर चार्जर बसवायला होकार दिलाय. त्या फेरीची वीज अकरा-बारा युरोंची, जुन्या गाडीला पेट्रोल जवळपास दुप्पट लागलं असतं. वाटेतल्या चार्जरवर वीज महाग पडते, हेही खरं. उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सोडला की बॅटरीत थोडी वीज परत भरते. त्या उतारावर मला आपला खंबाटकी आठवला.

तुम्ही पाठवलेला स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ बघितला. काळजीपोटी पाठवलात हे कळतं, पण रोज पाठवू नका, सूनबाई रात्री जागत बसते. या मॉडेलला गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनसॅपच्या २०२३ च्या चाचणीत पाच तारे मिळालेत. बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी आहे, तोवर ७० टक्के क्षमता राहिली पाहिजे. शिवाय ड्रायव्हरच्या उन्हाच्या झडपेमागे मी एक कागद खोचून ठेवलाय. जास्त दाबाची केबल कुठून जाते आणि पत्रा कुठे कापायचा नाही, ते अपघातात अग्निशमनवाल्यांना त्यावरून लगेच कळतं. त्याची वेळ येणार नाही. पण ठेवलाय.

आता टायरांचं. आई, "तुझे चार टायर हॉटेलात का राहतात" असं तू विचारलंस आणि मला धड सांगता आलं नाही. इथे बऱ्याच गाड्यांना टायरांचे दोन संच असतात. सात अंशांखाली उन्हाळी टायरांचं रबर कडक होतं आणि पकड जाते, म्हणून थंडीचे वेगळे, मऊ रबराचे. त्यांच्यावर डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह लागतं. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून ते नसेल तर कायद्याने तो थंडीचा टायर धरत नाहीत. कायद्यात तारीख दिलेली नाही. बर्फ, निसरडं असलं की ते टायर हवेत, एवढंच. पण लोक ऑक्टोबर ते ईस्टर असा नेम पाळतात. ईस्टरला जर्मनमध्ये ओस्टर्न म्हणतात, म्हणून "ओ ते ओ". उरलेला संच ठेवायचा कुठे? बऱ्याच घरांत जागा नसते. मग गॅरेजवाला काढलेले टायर धुतो, खाचांची खोली मोजतो, कोणता कुठल्या बाजूचा त्याची चिठ्ठी लावतो आणि सहा महिने मांडणीवर ठेवतो. त्या जागेला खरोखरच टायर-हॉटेल म्हणतात, आणि भाडंही लागतं. खाच १.६ मिलिमीटरपर्यंत कायद्याला चालते, पण थंडीत चारच्या खाली लोक जात नाहीत. ऑक्टोबरात सगळं शहर एकदम तिथे लोटतं. मला २९ तारीख मिळाली आहे, तोवर पहाटे गाडी काढणार नाही. आपल्याकडे पावसाआधी कौलं शाकारायचे, तसंच हे समजा.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली होती. गाडी पाच जणांची आहे. थोरलीची आणि धाकट्याची सीट बसवली की मध्ये मोठ्या माणसाला धड बसता येत नाही. म्हणजे तुम्ही आलात की आम्ही सहा जण एका गाडीत एकत्र जाऊ शकणार नाही. सात जणांची इलेक्ट्रिक एस्टेट मी खूप शोधली. व्हॅन मिळते, पण तिचा पल्ला कमी. फ्रँकफर्टला तुम्हाला घ्यायला मी आणि थोरली येऊ. साडेतीनशे किलोमीटर आहे. येताना कासेलच्या चढांपाशी अर्धा तास चार्जिंगला थांबू, तेवढ्यात थर्मासमधला चहा घेऊ. आईच्या चारही बॅगा डिकीत मावतील, लोणच्याची बरणी उभी राहील. टेप घेऊन मोजलंय. पण त्याआधी दोघांचे पासपोर्ट नवे करायला टाका. "पुढच्या वर्षी बघू" हे मी तीन वर्षं ऐकतोय. गाडी बघताना प्रत्येक वेळी मी तुम्हाला मागच्या सीटवर बसवून बघत होतो.

चिमीच्या लग्नाची तारीख फेब्रुवारीत पक्की झाल्याचं दादाने कळवलं. फार आनंद झाला. मी दहा दिवस येतो, रजा मंजूर आहे. सूनबाई आणि मुलांचं मात्र जमत नाही. इथे शाळा चालू असताना मुलांना घरी ठेवायला परवानगी लागते, आणि ती मिळाली तरी दोन-तीन दिवसांपलीकडे मिळणार नाही. अर्ज तरीही दिलाय. चिमीला अजून सांगू नका, मीच फोन करतो.

पैशांचं. लग्नासाठी मी सहा लाख म्हटलं होतं. तीन या आठवड्यात दादाच्या खात्यात येतील, दोन जानेवारीच्या पगारातून. उरलेल्या एकाचं मार्चपर्यंत बघतो. गाडीमुळे उशीर झाला असं तुम्ही म्हणाला नाहीत, पण मला माहीत आहे. जुन्या गाडीच्या तपासणीची मुदत पुढच्या महिन्यात संपत होती आणि दुरुस्तीला २,८०० युरो सांगितले होते, म्हणून आताच घ्यावी लागली. तुम्ही एफडी मोडायचं दादाशी बोललात असं कळलं. कृपा करून मोडू नका. हॉलवाल्याला उरलेलं मार्चमध्ये चालेल का, ते दादाला विचारायला सांगा. चालत नसेल तर मला लगेच कळवा, मी इथे काहीतरी करतो.

दिवाळीचा फराळ पोचला, चकल्यांतली एकही मोडली नाही. आईला सांगा, मुलांनी दोन दिवसांत संपवल्या.

तुमचा,
बाळू