सांडपाण्याचा हिशेब गावाला दाखवा

महोदय,

आमच्या भागात धान्यापासून इथेनॉल काढण्याचा प्रकल्प येऊ घातला आहे. त्याच्या ना-हरकतीसाठी ग्रामसभा झाली, तिला मी हजर होतो. जमिनीचा मोबदला, पोट्ट्यांना नोकऱ्या, ट्रकांनी खचणारा रस्ता यांवर दीड तास गेला. सांडपाण्याबद्दल एकच प्रश्न आला आणि कंपनीच्या साहेबांनी तो 'शून्य विसर्ग' एवढ्या दोन शब्दांत निकालात काढला, म्हणजे सांडपाणी बाहेर सोडणारच नाही. मी पुन्हा उठलो तर शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, झिरो डिस्चार्ज आहे ना, मंग कायची चिंता?" चिंता कायची, ते तिथे बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

मी आज समुद्रपूर तालुक्यात कापूस आणि तूर पिकवतो. त्याआधी नोकरीची सगळी वर्षं एका कागद कारखान्याच्या सोडा रिकव्हरीत, म्हणजे वापरलेला सोडा परत मिळवणाऱ्या विभागात काढली, आधी पाणी आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरवर आणि मग बॉयलरवर. बांबूचे किंवा लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये शिजवले की लगदा वेगळा होतो आणि खाली काळं पाणी उरतं. त्याला ब्लॅक लिकर म्हणतात. धुऊन आलेल्या या पाण्यात घन पदार्थ पंधरा टक्क्यांच्या आसपास असतो. ते आटवत आटवत पासष्ट टक्क्यांपर्यंत नेलं की काकवीसारखं दाट होतं आणि बॉयलरमध्ये फवारलं की स्वतःच जळतं, कारण लाकडाचे धागे चिकटवून ठेवणारं लिग्निन त्यात उतरलेलं असतं आणि ते जळाऊ असतं. त्या आगीवर वाफ होते, वाफेवर टर्बाइन चालतं आणि बॉयलरच्या तळाशी वितळलेला सोडा जमतो. हा स्मेल्ट साधारण साडेआठशे अंशांवर, लालभडक, स्पाउटमधून म्हणजे तोटीतून वाहतो. बॉयलरची नळी फुटून त्यावर पाणी पडलं तर स्फोट होतो. त्यामुळे नळी गळाल्याचा संशय आला तरी आम्ही आधी माणसं बाहेर काढायचो. स्मेल्ट पाण्यात विरघळवला की ग्रीन लिकर आणि त्यात चुना घातला की व्हाइट लिकर, म्हणजे पुन्हा लाकूड शिजवायला तयार. चुन्याचा गाळसुद्धा भट्टीत भाजून परत वापरतात.

नीट चाललेल्या कारखान्यात पंचाण्णव टक्क्यांच्या वर सोडा असा परत येतो. उरलेली तूट भरायला सॉल्ट केक, म्हणजे सोडियम सल्फेट, विकत आणावा लागतो. आमचे जुने शिफ्ट इंचार्ज प्रयोगशाळेच्या अहवालाआधी स्टोअरचं रजिस्टर बघायचे. सॉल्ट केकची पोती वाढली की कुठेतरी लिकर गटारात जातंय, हे त्यांना न सांगता कळायचं. जितकं विकत आणलं तितकं बाहेर गेलं.

ज्यांच्याकडे रिकव्हरी नव्हती त्यांचं उदाहरणही समोर आहे. गव्हाच्या काडावर आणि तणसावर चालणारे छोटे कागद कारखाने वर्षानुवर्षं ब्लॅक लिकर तसंच सोडत राहिले. काडातली सिलिका इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत बसते आणि छोट्याला हा खर्च झेपत नाही, या अडचणी खऱ्या होत्या. तरी प्रदूषण रोखण्यासाठीच्या 2003च्या केंद्राच्या सनदेत त्यांना सांगावंच लागलं: रिकव्हरी लावा, लिकर बाहेर न सोडता वापरा, नाहीतर रद्दी कागदावर चालवा.

आता इथेनॉल. एक क्विंटल मक्यातून ढोबळमानाने 38 लिटर इथेनॉल निघतं आणि 30 किलोच्या आसपास सुका चोथा उरतो. बाकीचा वायू होऊन उडतो. हा चोथा आधी सांडपाण्यातच असतो. डीकँटर नावाच्या फिरत्या यंत्रातून ओला लगदा वेगळा करायचा, पातळ पाणी आटवायचं, दोन्ही एकत्र करून ड्रायरमध्ये वाळवायचं. त्याला डीडीजीएस म्हणतात, प्रथिनांनी भरलेलं पशुखाद्य. उसाच्या मळीवरच्या डिस्टिलरीत तर सांडपाणी जाळून उरलेल्या राखेत पोटॅश असतं. असं किमान साडेचौदा टक्के पोटॅश असलेलं खत 2021मध्ये केंद्राने अनुदानाच्या यादीत घेतलं. आपला संत्र्याचा बागाईतदार पोटॅशचं पोतं घेतो ते परदेशातून आलेलं, हेही लक्षात असू द्या.

म्हणजे वस्तू परत मिळवता येते, त्यात शंका नाही. अडतं ते वाफेवर. आटवायला आणि वाळवायला वाफ लागते, वाफेला कोळसा लागतो. डीडीजीएसचा भाव पडला की ड्रायर चालवणं व्यवस्थापकाच्या जिवावर येतं. ओला लगदा आमच्या मे महिन्यात दोन दिवस टिकत नाही. रात्री, पावसात, नाला भरून वाहत असताना काय होतं ते रात्रपाळी केलेल्या माणसाला विचारा.

अशा वेळी तपासणीसाठी सांडपाण्याचा एका दिवशी भरलेला डबा काय सांगणार? त्या घटकेपुरतं तो खरंच सांगतो. म्हणून माझी सूचना अशी की ना-हरकतीच्या ठरावात एक अट घालावी. कारखान्याने दर महिन्याला तीन आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावेत: किती क्विंटल धान्य आत आलं, किती लिटर इथेनॉल बाहेर गेलं, किती क्विंटल डीडीजीएस विकलं. धान्याच्या काट्याच्या पावत्या असतात, इथेनॉलची मोजणी होतेच, चोथ्याची बिलं असतात. कुठलंही गुपित यात उघडं पडत नाही. हजार क्विंटल मका आला आणि चोथा दीडशे क्विंटलच विकला गेला, तर उरलेला कुठे आहे ते गावाने विचारावं. गोदामात असेल तर दाखवावा.

मी प्रकल्पाच्या विरोधात नाही. मक्याला जवळ गिऱ्हाईक मिळालं तर मीही दोन एकर पेरीन. पण ग्रामसभेची पुढची तारीख लागेल तेव्हा ही अट विषयपत्रिकेवर यावी, असं सरपंच आणि ग्रामसेवकांना या पत्रातून सांगतो. ठरावाचा मसुदा मी लिहून ठेवला आहे.

— एक निवृत्त रिकव्हरी ऑपरेटर, ता. समुद्रपूर, जि. वर्धा