रंग मारायच्या आधी फोन करणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, रामराम.

तुम्ही बजावलं होतं नाव टाकू नको म्हणून, "लोकं येतीन नं उगाच चेसिस दाखवाले, मले हायेत त्याच गाड्या आवरून नाही राह्यल्या", तर नाव टाकत नाही. अमरावती रोडला वाडीकडं, एवढंच लिहितो. तिथं वेल्डिंगवाल्यांची रांगच आहे, तुम्ही सापडत नाही कोणाला. तुम्ही स्वतः हे वाचणार नाही हेही माहीत आहे, पण तुमच्याकडं कामाला असलेला पोट्टा दिवसभर मोबाइलमध्ये असतो, तो दाखवेल.

काल नागपूरच्या कळमना बाजारात संत्रा उतरवून परत येताना गाडी एका खड्ड्यात जोरात आदळली आणि मी सवयीनं कान देऊन बसलो की आता मागून तो करकर आवाज येणार, तर आलाच नाही. धाकट्यानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं पाहिलं, दोघंही काही बोललो नाही. घरी येऊन जेवलो आणि लिहायला बसलो.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो, तुम्ही आमच्या गाडीची सडलेली चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, कशी नीट केली ते. आमची पिकअप जुनी, सेकंडहँड, एमएच ०८ पासिंग. आम्ही कोंढाळीकडचे, संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल सुरू झाला की रोजचं कळमना ठरलेलं. घेतली तेव्हा गाडीच्या खालून काळाभोर चकचकीत रंग, एजंट म्हणाला अंडरकोटिंग केलेली गाडी आहे, कंडिशन पहा. कंडिशन! गंजावर काळा कोट मारला की ओल आतमध्ये कोंडून राहते आणि लोखंड आतल्या आत सडत जातं, म्हणजे जो रंग दाखवून त्यानं चार पैसे जास्त घेतले तोच रंग गाडी खात होता. नंतर फोन केला तर साहेब ओळखच दाखवेनात.

मग भरल्या गाडीत केबिन आणि डाल्याच्या (मागं माल भरतो ती पेटी) मधली फट एका बाजूला जास्त दिसायला लागली, मागची डावी बाजू बसल्यासारखी वाटायची. एका मोठ्या वर्कशॉपला नेली. काचेचं केबिन, एसी, कॉफीचं मशीन. तिथल्या सुपरवायझरनं वाकूनसुद्धा पाहिलं नाही हो, उभ्या उभ्या मोबाइलच्या टॉर्चनं झोत मारला आणि म्हणाला चेसिस बदला नाहीतर भंगारात द्या. आता चेसिस खरंच गेलेली असती तर हेच उत्तर बरोबर होतं, पण त्यानं पाहिलंच नव्हतं ना! दुसऱ्या गॅरेजवाल्यानं सांगितलं टेन्शन नको, होऊन जाईल, संध्याकाळी घेऊन जा. संध्याकाळी गेलो तर काळा रंग ओलाच होता अजून. सडलेल्या जागेवर वरून प्लेट, कडेनं लांबी (पुट्टी) भरलेली, त्यावर रंग, वर म्हणतो लोहा झाली गाडी. ती लोहा झालेली गाडी ऐन सीझनमध्ये, डाला कॅरेटनं भरलेला, बाजारगावच्या अलीकडं मागून कडकन वाजली आणि डाव्या बाजूचा पाटा (चाकावरची पट्ट्यांची स्प्रिंग) तो अडकवायच्या हँगरसकट वर घुसला. धाकटा चालवत होता. वेग कमी होता म्हणून निभावलं. यापेक्षा जास्त मी त्या माणसाबद्दल लिहीत नाही, आई म्हणते शिव्या लिहिलेल्या कागदाला बरकत नसते.

तर अशी ती गाडी टो करून तुमच्या दारात आली. तुम्ही नंबर प्लेट पाहून पहिला प्रश्न विचारला, "रत्नागिरीची हाय का? मासोळी वाहिली असन हिनं." मी म्हटलं तुम्हाला कसं कळलं. तुम्ही म्हणाले नागपूरची गाडी अशी सडत नाही, इथं मे महिन्यात ४५ डिग्रीत हवाच एवढी कोरडी की गंज धरायलाही ओल मिळत नाही. मासळीच्या गाडीत बर्फ वितळतो, ते खारं पाणी डाल्याच्या फटीतून चेसिसवर ठिबकत राहतं आणि चेसिसच्या लांब पोकळ बीममध्ये जाऊन बसतं. पाणी वाळलं तरी मीठ आतच राहतं, मग दर पावसाळ्यात ते मीठ हवेतली ओल ओढतं आणि गंज परत जागा होतो. एवढं साधं कारण, पण तोवर आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं, सगळे फक्त "बहुत गल गई है भाऊ" म्हणायचे.

आणि मग तुम्ही हातोडी घेऊन खाली गेलात. पूर्ण गाडी ठोकली, पुढून मागपर्यंत, दोन्ही बीम, आडवे मेंबर सगळे. मलापण खाली बोलावलं, गोणपाट टाकून दिलं, आणि हातोडी माझ्या हातात दिली की तूच मार आणि ऐक. चांगल्या लोखंडावर टण्ण वाजतं. मागच्या एक्सलच्या वर जिथं बीम वाकतो तिथं मारली तर भद्द, आणि बोटभर जाडीचे पोपडे माझ्या तोंडावर. जिथं बीमला डबल प्लेट आहे तिथं दोन प्लेटा फुगून एकमेकींपासून फाकल्या होत्या. तुम्ही म्हणाले गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, मधे शिरला का तो प्लेटाच उघडतो, वरून कितीही रंग मारा.

पण त्याच वेळी हेही स्पष्ट सांगितलं की पुढं, जिथं स्टेअरिंग बॉक्स बसतो तिथं जर भद्द वाजलं असतं तर मी हात लावला नसता, पैसे दिले तरी नसता, तू गाडी भंगारात द्यायची आणि मी तुला चहा पाजून घरी पाठवलं असतं. पुढची बाजू टण्ण निघाली. तेव्हा कुठं तुम्ही हो म्हणाले.

काम कसं केलं ते मी पूर्ण सांगत नाही, मला सगळं समजलंही नाही. एवढं लक्षात राहिलं की सडलेलं सगळं चांगलं लोखंड लागेपर्यंत कापून काढलं, आधीच्या माणसासारखं त्याच्यावर झाकण नाही घातलं. त्या जागी बसवायच्या नव्या पट्टीची टोकं तिरपी कापली, कारण सरळ उभा जोड दिला की सगळा ताण त्याच एका रेषेवर येतो आणि गाडी तिथूनच चिरते, आमची तशीच चिरली होती. बीमच्या वरच्या-खालच्या काठावरून आडवं वेल्डिंग नेलं नाही. ७०१८ नंबरचे वेल्डिंगचे रॉड गरम डब्यात ठेवलेले, त्यांना ओल लागली की वेल्ड नंतर तडकते म्हणे. आणि चेसिस नंबर पंच केलेला असतो त्या जागेजवळ पोट्टा ग्राइंडर घेऊन गेला तर त्याच्यावर तुम्ही केवढ्यानं ओरडले होते, मी बाहेर टपरीवर होतो तिथं ऐकू आलं.

पण हे पत्र त्यासाठी नाही लिहीत. चांगलं वेल्डिंग करणारे अजून पण असतील नागपुरात.

मी हे लिहून राहिलो त्या फोनसाठी. भाड्याची गाडी लावून मी कळमन्यात होतो, हर्रास चालू, दलालांचा नुसता कालवा, अशात तुमचा फोन. मला वाटलं झालं, आता अजून काहीतरी निघालं, अजून खर्च. तर तुम्ही म्हणता, "काम झालं. रंग मारायचा राह्यला. तू पाह्यल्याशिवाय मारत नाही, रंगाखाली सगळंच चांगलं दिसते." मी म्हटलं काका मारून टाका, माझा भरवसा आहे तुमच्यावर, मला इथून निघायला उशीर होईल. तुम्ही म्हणाले भरवशाचं नको सांगू, ये. आणि ठेवून दिला.

रात्र झाली होती मी आलो तेव्हा. पोट्टा घरी गेलेला, शेजारची दुकानं बंद, तुम्ही डबड्यावर बसून माझी वाट पाहत होते, गाडी घोडीवर तशीच उघडी. तुमची एकुलती एक जागा माझ्या गाडीनं अडवलेली, बाहेर दुसऱ्या दोन गाड्या उभ्या होत्या. रंग मारून दुपारीच मोकळे झाले असते तुम्ही. हातबत्ती माझ्याकडं दिली, आणि खाली गेलो तर सगळ्या जोडांवर बोट फिरवून पाहायला लावलं, इथं कसा भरला, इथं आतून कसा घेतला. आणि डाव्या हँगरजवळ एका जोडाभोवती खडूनं गोल केलेला. मी विचारलं हा काय, तर तुम्ही सहज म्हणाले, "हा मले जमला नाही. दोन बारीक छिद्रं हायेत. उद्या सकाळी खोदून परत मारतो, तू पाहून ठेव म्हणून खूण केली."

काका, मी बत्ती धरून किती वेळ त्या खडूच्या गोलाकडं पाहत होतो मला माहीत नाही. मला ती छिद्रं दिसतही नव्हती, तुम्ही बोट ठेवून दाखवली तेव्हा दिसली. रंग मारला असता तर जन्मात कळलं नसतं. मला काय समजतं वेल्डिंगमधलं? काहीच नाही. याच गोष्टीचा फायदा आधी तिघांनी उचलला आणि याच गोष्टीपायी तुम्ही मला रात्री बोलावून घेतलं. माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं, ग्राइंडिंगची धूळ गेली म्हणून सांगितलं, तुम्ही पण धूळच समजलात किंवा समजल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी खोदून परत मारला, त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. मग झिंकचं प्रायमर, वरून रंग, बीमच्या पोकळीत मेणाचा फवारा, आणि चिखलानं बुजलेली पाणी निघायची भोकं तारेनं मोकळी केली. कापून काढलेलं सडकं लोखंड पोत्यात भरून माझ्या सीटखाली ठेवलं, बिल कशाचं झालं ते घरच्यांना दाखव म्हणून. वडिलांनी ते पोतं उघडलं आणि एक तुकडा हातानं मोडला. मोडला म्हणजे अक्षरशः बिस्किटासारखा. धाकट्याची आणि माझी नजरानजर झाली तेव्हा.

आमच्याकडं एक लाइनमन होता, रात्री फ्यूज गेला तर यायचा आणि जाताना न सांगता शाळेच्या मागची लोंबती तारपण ओढून ताणून जायचा, कोणी पाहत नसताना. वडील अजून त्याचं नाव काढतात. मला वाटायचं म्हातारे लोक जुन्या गोष्टी वाढवून सांगतात. आता वाटतं की असे लोक प्रत्येक धंद्यात थोडे थोडे असतातच, फक्त त्यांच्या दुकानाला पाटी नसते आणि काचेचं केबिन नसतं, म्हणून आपण आधी दुसरीकडं जाऊन लुटून येतो. त्या एसीवाल्या सुपरवायझरचं काहीच नुकसान झालं नाही, तो आजही उभ्या उभ्या टॉर्च मारत असेल. याचा राग येतो मला अजून, खोटं काहून बोलू.

तुम्ही सांगितलेलं सगळं चालू आहे. ओव्हरलोड बंद, दलाल कितीही म्हणाला की दहा कॅरेट वर टाक तरी बंद. धुताना खालून पाणी मारतो आणि भोकं पाहतो. दर महिन्याला धाकटा गोणपाट टाकून खाली जातो, हातोडी घेऊन, आणि आई ओट्यावरून विचारते, टण्ण हाय का रे?

पावसाळ्याआधी आणून दाखव म्हणाले होते, तर मृग बहाराचा माल संपला की आणतो. संत्र्याचं कॅरेट मागच्या वेळी तुम्ही परत पाठवलं होतं पोट्ट्याच्या हातानं, "मजुरी घेतली नं मी" म्हणून. या वेळी आई स्वतः सोबत येणार आहे, तिला नाही म्हणून दाखवा.

तुमचा,
कोंढाळीवाला, एमएच ०८