टॉवेल पाणी का टिपत नाही?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नवा टॉवेल पाणी टिपत नाही, नुसता अंगावर फिरवत राहतो, ही तक्रार सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या दुकानदारांना नवी नाही. त्यावर 'सुतात पॉलिस्टर मिसळले असणार' हा शेराही ठरलेला. ही शंका फिटायला काडेपेटी पुरते. टॉवेलवरच्या लूपचा, म्हणजे फासासारख्या उभ्या वेटोळ्याचा, एक धागा उपसून जाळावा. सुती धागा जळत्या कागदासारखा वास सोडतो आणि मागे मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. राख मिळाली, तर दोष सुतात नाही, सुतावर चढवलेल्या थरात आहे.

कापूस मुळात पाण्याचा भोक्ता. तरी मागावरून उतरलेल्या ग्रे, म्हणजे प्रक्रिया न झालेल्या, मालावर थेंब टाकला, तर तो मण्यासारखा उभा राहतो. तंतूवर नैसर्गिक मेण असते, वजनाने जेमतेम एक टक्का किंवा त्याहूनही कमी; पण पाण्याला तेवढे पुरते. म्हणून प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात, आधी एन्झाइमने खळ काढतात, मग कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात दोन-तीन तास माल शिजवून मेण काढतात, आणि नंतर पेरॉक्साइडने ब्लीच करतात. हे नीट झाले की तोच थेंब सेकंदाभरात गडप होतो. शिजवण कच्ची राहिली तर एकाच टॉवेलवर एक पट्टा पाणी पितो, दुसरा पीत नाही, आणि रंगही डागाळतो.

एवढे करून शेवटच्या टप्प्यावर मऊपणासाठी सिलिकॉन सॉफ्टनर देतात. साधारण लिटर पाण्याला 10 ते 20 ग्रॅम इमल्शन (पाण्यात मिसळणारे सिलिकॉन), त्यात भिजलेला माल मँगलमधून, म्हणजे दाबाच्या रुळांमधून, पिळायचा आणि स्टेंटर या ताणून सुकवणाऱ्या यंत्रावर 150 अंशांच्या आसपास सुकवायचा. अमिनो सिलिकॉनचे रेणू कापसाला चिकटतात आणि त्यांचे पाण्याला दूर ठेवणारे मिथाइल गट बाहेर तोंड करून राहतात. खाली कापूस आहे हे मग थेंबाला कळतच नाही. थेंबाचा व्यवहार फक्त सर्वांत वरच्या थराशी असतो, तो थर कितीही पातळ असो. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन, तर सिलिकॉनच्या पृष्ठभागाची ऊर्जा 20 ते 22. एवढ्या दुबळ्या पृष्ठभागावर पाणी पसरत नाही. सपाट काचेवर सिलिकॉन चढवले तर थेंबाचा स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, 105 अंशांच्या आसपास भरतो.

टॉवेल तर सपाटही नसतो. पृष्ठभाग खडबडीत असला की त्याचा मूळ स्वभाव अधिक तीव्र होतो, हे संशोधक वेन्झेल यांनी 1936 मध्ये दाखवले. कोन 90 अंशांच्या खाली असेल तर लूपमुळे थेंब आणखी झपाट्याने पसरतो. वर असेल तर आणखी गोळा होतो. अळवाच्या पानावरही मेण आणि खडबडीतपणा मिळून हेच घडते. शिवाय धाग्यांमधल्या बारीक फटी एरवी पाणी ओढतात. कोन 90 च्या पलीकडे गेला की त्याच फटी पाणी बाहेर ढकलतात. म्हणून जास्त जीएसएमचा (चौरस मीटरला जास्त ग्रॅम वजनाचा), भरगच्च लूपचा महागडा टॉवेलही सॉफ्टनर जास्त झाल्यास साध्या पंच्यासमोर हरतो.

घरी काय करावे? पहिल्या दोन धुलाया वेगळ्या, गरम पाण्यात, थोडी डिटर्जंट पावडर आणि दोन चमचे धुण्याचा सोडा घालून कराव्यात. गडद रंग असेल तर पाणी कोमटच ठेवावे. मशीनमध्ये सुगंधी फॅब्रिक कंडिशनर टॉवेलला कधीच घालू नये. तोही तेलकट शेपट्या असलेल्या रेणूंचा थरच चढवतो. बोअरच्या जड पाण्यात वडीचा साबण वापरला की चुन्याचा साबण तंतूवर बसतो आणि टॉवेल कडकही होतो. तो काढायला शेवटचे खळबळताना पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर चालते. मात्र सोडा आणि व्हिनेगर एकाच पाण्यात घालू नये, दोघे एकमेकांना मारतात. पक्के बसलेले सिलिकॉन व्हिनेगरने निघत नाही, हेही सांगायला हवे.

दोष एकट्या कारखानदाराचा नाही. गिऱ्हाईक टॉवेल बोटांनी चाचपते, पाणी टाकून पाहत नाही. ज्याचा 'हात', म्हणजे स्पर्श, मऊ, तोच विकला जातो. पाणी पिणारे हायड्रोफिलिक सिलिकॉनही मिळते. ते महाग पडते आणि हात थोडा कमी मऊ देते, म्हणून मागे पडते.

सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. त्याच्या लेबलवर माप आणि वजनाबरोबर थेंब किती सेकंदांत मुरतो हा आकडाही छापावा, अशी सूचना आहे. चाचणीला यंत्र लागत नाही. भरतकामाच्या रिंगणात टॉवेल ताणून बसवावा, साधारण एक सेंटिमीटर उंचीवरून ड्रॉपरने एक थेंब सोडावा आणि थेंबावरची चकाकी जाईपर्यंत सेकंद मोजावेत. पाच सेकंदांच्या आत चकाकी गेली तर माल चांगला. मिनिटभर टिकली तर तो टॉवेल शोभेचा. मँगलचा दाब मध्ये आणि काठाला सारखा नसला तर सॉफ्टनरही कमीजास्त बसतो, म्हणून पाच ठिकाणी थेंब टाकून सरासरी घ्यावी. आणि ही मोजणी कोऱ्या टॉवेलवर एकदा, एका धुलाईनंतर एकदा आणि पाच धुलायांनंतर पुन्हा व्हावी. लेबलवर कोऱ्या टॉवेलचाच आकडा छापावा, कारण गिऱ्हाईक तोच घरी नेते.

आपला,
कापड प्रक्रिया क्षेत्रातील एक वाचक, सोलापूर