दादरचा आठ नंबर

मुलुंड, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

आपला फोन रोज रात्री होतो, पण गोळ्या, गुडघे आणि ‘जेवलीस का’ यांच्या पलीकडे आपण क्वचितच जातो. पूर्वी बाबा कचेरीतून आले की चहाबरोबर गाडीतला एखादा किस्सा सांगत आणि आई, तू पोळी तव्यावर तशीच ठेवून हसत बसायचीस. म्हणून या पत्रात तब्येतीबद्दल एक अक्षरही लिहायचे नाही, असे मी ठरवले आहे.

बाबा, तुम्ही दादरला गाडी बदलत होता तेव्हा एक नंबरचा फलाट पश्चिम रेल्वेचाही होता आणि मध्य रेल्वेचाही. हा घोळ मिटावा म्हणून ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे १ ते ७ तसेच ठेवून मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे नंबर दिले. मध्य रेल्वेचा जुना दोन नंबरचा फलाट शेजारचा एक नंबर रुंद करण्यात आधीच संपला होता, त्यामुळे जुना एक आता आठ झाला आहे, जुना तीन नऊ, आणि जुना आठ थेट चौदा. तुमच्यासारख्या हिशेबी माणसालाही हे कागदावर मांडावे लागेल.

परवा पुलावर दोन आजोबा ‘आठ नंबर कुठला’ यावरून इतके हमरीतुमरीवर आले होते, की घाईत असलेली माणसेही थांबून पाहू लागली. एकाचा आठ जुना होता, दुसऱ्याचा नवा. दोघेही खरे बोलत होते आणि म्हणूनच कोणीही मागे हटत नव्हता. अखेर शेजारचा बूटपॉलिशवाला ब्रश न थांबवता म्हणाला, “काका, फलाट जागेवरच आहे, नंबर तेवढा फिरायला गेलाय.” दोघेही हसले, आणि तेवढ्यात दोघांचीही गाडी गेली.

आई, तुझ्या भाजीवाल्या मावशींनी आता पैसे जमा झाल्याचे ओरडून सांगणारी ती डबी ठेवली आहे. मी तुझ्याच पद्धतीने, म्हणजे दोनदा पाठ फिरवून, पन्नासची मेथी-भेंडी चाळिसावर आणली आणि विजयी मुद्रेने फोनवरून पैसे दिले. डबीने अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ‘चाळीस रुपये मिळाले’ असे जाहीर केले. त्याबरोबर नुकत्याच पन्नास मोजून निघालेल्या एक बाई चार पावले जाऊन परत फिरल्या. मावशींनी डबीवर फडके टाकले, त्या बाईंना कोथिंबिरीची जुडी देऊन गप्प केले आणि मला म्हणाल्या, “तू उद्यापासून रोख आण गं बाई.” घासाघीस चारचौघांत करायची नसते, हे तू मला शिकवायचे राहून गेले.

पुढच्या महिन्यात तुम्ही दोघे याल, तेव्हा गावाहून येणारी गाडी दादरला कुठे लागते हे विचारत बसू नका. बाबांच्या हिशेबाने सहा नंबरवर उतरलात तरी चालेल, मी बारावर उभी असेन.

तुमची,
लेक