'ट्रान्झिस्टर' आणि नदीचा 'उतार'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमुक इंग्रजी शब्द संस्कृतातून आला, असे सांगणारे संदेश मोबाइलवर सारखे फिरत असतात. उच्चार जुळला की नाते जोडून मोकळे! दोन शब्द सांधून केलेल्या नावांत तर हमखास घोटाळा होतो, कारण सांधा कुठे आहे हे कुणी पाहतच नाही.

सांगली आकाशवाणी ज्यावर घरोघर ऐकली गेली, तो 'ट्रान्झिस्टर'च घ्या. हे नाव मुळात रेडिओतल्या एका छोट्या विद्युत भागाचे. ते अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेतले अभियंते जॉन पियर्स यांनी १९४८ साली सुचवले. डोके 'ट्रान्सफर'चे, शेपूट 'रेझिस्टर'चे, म्हणजे विजेला रोध करणाऱ्या भागाचे. याच शेपटाची 'थर्मिस्टर' (तापमानानुसार रोध बदलणारा भाग) वगैरे नावे आधीच होती. म्हणजे १९४८च्या मागे अख्खा शब्द शोधूच नये. दोन्ही तुकड्यांचा माग वेगवेगळा काढावा.

'ट्रान्सफर'मधला लॅटिन 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे. संस्कृत 'तॄ' धातू त्याचा भाऊबंद. आपले 'तरणे', 'उतरणे' त्यातलेच, आणि कृष्णेला 'उतार' आहे, म्हणजे पायी पलीकडे जाता येते, असे आपण म्हणतो तेव्हाचा 'उतार'ही.

दुसरा तुकडा याहून बोलका. 'रेझिस्ट'च्या मुळाशी लॅटिन 'सिस्तेरे' (उभे करणे, थांबणे) आहे. त्यातला सुरुवातीचा 'सि' म्हणजे धातूचे द्वित्व, धातूच्या आरंभीचा ध्वनी दोनदा येणे. 'स्था'चे 'तिष्ठति' होताना पुढे 'ति' येतो, तसाच. ग्रीक 'हिस्तेमि'तही तेच. तीन भाषांत एकाच धातूला एकाच जागी द्वित्व व्हावे, हा योगायोग नव्हे. 'उठणे', 'ठेवणे', 'ठाणे' ही 'स्था'चीच मराठी लेकरे.

मात्र लॅटिन ही संस्कृतची मुलगी नव्हे, बहीण आहे. दोघींची आई लिखित स्वरूपात उरलेली नाही. संस्कृतचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात हेच मांडले होते.

नाते उच्चारावरून नव्हे, ध्वनिनियमावरून ठरते. संस्कृत शब्दारंभी 'भ', तर लॅटिनमध्ये 'फ', इंग्रजीत 'ब': भ्रातृ, फ्रातेर, ब्रदर, भरति, फेरो, बेअर. उलट ग्रीक 'थेओस' आणि आपला 'देव' यांचा अर्थ एक, उच्चारही जवळचा, तरी नाते नाही. संस्कृत 'द'ला ग्रीकात 'द'च लागतो: दश, देका. 'थ' तिथे बसत नाही.

आपल्या पुरवणीत शब्दांच्या व्युत्पत्ती छापताना शब्द प्रथम कधी वापरला गेला ते साल, सांध्याची जागा आणि त्याच नियमाची निदान दोन उदाहरणे द्यावीत, ही कळकळीची विनंती.

— भाषेचा एक अभ्यासक, सांगली